हलगी जगिक, तंबोला आत्मिक

दोस्तहो, आधी घटना सांगतो, मग भांडतो.

यंदाच्या मे महिन्यात माझ्या चुलतभावाचं लग्न झालं. चर्चमध्ये लागलं, रीतसर. वचनं झाली, अंगठ्या झाल्या, जेवणं झाली. संध्याकाळी वस्तीतून वरात निघाली तर मामाच्या गावची चार पोरं हलग्या घेऊन हजर. त्यांनी आधी पाचट पेटवून हलग्या शेकल्या. मग जो कडकडाट सुरू झाला तो रात्री दहापर्यंत. मधे कुणीतरी बॉक्सला मोबाईल जोडून दोन भीमगीतं लावली. मी नाचलो. आई नाचली. आई म्हणजे पंचावन्न वर्षांची बाई. बारा महिने दुसऱ्याच्या रानात कांदा लावते, खुरपते, काढते. तिला मी उभ्या जन्मात पहिल्यांदा नाचताना बघितलं. पदर खोचून, तोंडभर हसत.

पुढच्या रविवारी उपदेशाचा विषय निघाला : जगिक करमणूक. नाव कुणाचं घेतलं नाही, पण मान सारखी आमच्या बाकाकडं. उपासना सुटल्यावर कमिटी बसली. निकाल असा की त्या वरातीत जे जे नाचले त्यांनी मंडळीसमोर उभं राहून क्षमा मागावी. तोवर प्रभुभोजन बंद.

जूनच्या पहिल्या रविवारी भाकरीचं ताट फिरलं. आईच्या पुढून गेलं, थांबलं नाही. मग पेला गेला. ही बाई लहान होती तेव्हा गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप वेगळा असायचा, बाहेर वळचणीला खोचलेला. आपणच विसळायचा, आपणच ठेवायचा. आता पन्नास वर्षांनी येशूच्या घरात तिच्या पुढून पेला निघून गेला. ती रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "माफी मागून टाक बाबा. आपलं काय जातंय? पाळकसाहेब काय वाईटावर नाहीत आपल्या."

नसतील. पण मी माफी मागणार नाही. का नाही, ते लिहून काढतोय.

आधी हे जगिक म्हणजे काय ते बघू. आमच्या चर्चमध्ये दोनच रंग आहेत. जगिक आणि आत्मिक. सिनेमा जगिक. तमाशा तर विचारूच नका. भीमगीत जगिक, वर परधर्माचं. हलगी जगिक. बरं, आत्मिक काय? नाताळात चर्चच्या पटांगणात तंबोला खेळतात, पैसे लावून, आकडे माईकवर पुकारतात, पहिल्या लाईनीला कुकर. ते आत्मिक! कारण पैसा छपराच्या पत्र्याला जातो. तरुण संघाची गाणी हिंदी सिनेमाच्या चालीवर. ती आत्मिक, कारण शब्द बदललेत. वेदीच्या डाव्या अंगाला ड्रमसेट आहे, मंडळीने वर्गणी काढून आणलेला. तोही आत्मिक. आणि तो ड्रमसेट गेली चार वर्षं कोण बडवतो? मीच. पाळकसाहेब लोकांना कौतुकाने सांगतात, देवाने ह्या पोराच्या हातात दान दिलंय.

साहेब, दान देवाचं असेल, पण ते आलं पणज्याच्या हातून. पणजा मांग होता. हलगी वाजवायचा.

त्याच हातांनी प्लास्टिकचा पडदा बडवला तर उपासना, बकऱ्याचं कातडं बडवलं तर पाप. मग पाप हातात नाही, वाजवण्यात नाही, नाचण्यातही नाही. पाप कातड्यात आहे. आणि कातड्याला शिवणारा कोण, हे अख्ख्या गावाला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे.

बायबल काढता? काढा. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम हातात काय घेते? आपल्या मराठी बायबलात सरळ शब्द आहे : डफ. बाकीच्या बाया तिच्या मागून डफ घेऊन नाचत निघतात. गुलामीतून सुटलेल्या बाया! दीडशेव्या स्तोत्रात डफ आणि नाच एकाच ओळीत आहेत. दावीद राजा कोशापुढं बेभान नाचला आणि शौलाची पोरगी मीखल खिडकीतून बघून मनात त्याला तुच्छ समजली. राजघराण्यातली ना ती. तिला वाटलं, हा हलक्या माणसांसारखा उघड्यावर नाचतो. दावीदाने उलट सुनावलं की मी ह्याहून हलका होईन. आमच्या कमिटीत खिडकीतून बघणाऱ्या मीखली बऱ्याच आहेत, दावीद एकही नाही. आणि आपला प्रभू? त्याचं पहिलं चिन्हच लग्नघरात. काना गावात द्राक्षरस संपला तर सहा रांजण पाण्याचा द्राक्षरस केला. वरात बंद करा म्हणाला नाही. त्यालाही लोक खादाड, दारुडा म्हणालेच होते.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. (नगर कागदावर आता अहिल्यानगर.) पुढं महारामांगांच्या वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. माझा पणजा त्यातलाच. घरात सांगतात की बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मास्तरने त्याला हलगी विहिरीत टाकायला लावली. आणि पणजा रडला नाही, उलट हसला म्हणे. कारण ती हलगी म्हणजे काही हौस नव्हती. गावच्या देवाच्या पालखीपुढं वाजवायची, पण देवळात जायचं नाही. पाटलाच्या मढ्यापुढं वाजवायची, पाटलाच्या लग्नात वाजवायची, आणि मोबदला शिळं तुकडं. ती वेठ होती. वेठ विहिरीत टाकली तर माणूस हसणारच. तेव्हाच्या मिशनऱ्याला मी शिव्या देणार नाही.

बाबासाहेबांनीही मढी ओढू नका, गावकीची लाचार कामं सोडा, असंच सांगितलं. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून मदत देऊ केली ती त्यांनी घेतली नाही. पण का घेतली नाही? आपल्या बाया नाचवून मिळालेला तो पैसा होता म्हणून. ढोलकीवर राग नव्हता. त्याच ढोलकीवर पुढं आंबेडकरी जलसे उभे राहिले, भीमराव कर्डकांनी गावोगाव नेले, मागून वामनदादा कर्डक आले. वाजवायचं कुणासाठी, हे त्यांनी बदललं. आम्ही फक्त वाद्य बदललं.

आणि सगळीच देशी वाद्यं कुठं बुडवली? नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरच्या मिशनात काम केलं. त्यांचे अभंग, त्यांची पदं आजही उपासना संगीतात आहेत आणि मी ती मनापासून गातो. साहेबी चालीत कोंडलेल्या मराठी गळ्याला त्यांनी मोकळं केलं. उपकार आहेत. कीर्तनं तर आपल्याकडं त्यांच्याही आधीपासून होत होती. म्हणजे टाळ आले, वीणा आली, चिपळ्या आल्या, पेटी आली, तबला आला. तबल्यालाही कातडंच असतं हो! पण बैठकीतलं कातडं शुद्ध झालं आणि मांगवाड्यातलं राहिलं विहिरीत. हे कुणी मुद्दाम ठरवलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम न ठरवता होतं तीच तर जात.

जात चर्चमध्ये नाही म्हणता ना? मग पोरीच्या सोयरिकीच्या वेळी "ते तिकडचे" म्हणजे कुठले? महार ख्रिस्ती मांग ख्रिस्त्याला पोरगी देताना चार वेळा घसा खाकरतो, आणि दोघांनाही टिळकांच्या जातीचं कौतुक. एकाच पेल्यातून पिणार, एकाच मांडवात बसणार नाही. ह्यावर किती उपदेश झाले? मी चोवीस वर्षांचा आहे. एकही ऐकलेला नाही.

आता कागदाचं सांगतो, कारण हलगीची गोष्ट तिथंच येऊन पोचते.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर लिहिलंय : हिंदू मांग. आमच्या चर्चमध्ये निम्म्या पोरांच्या दाखल्यावर असंच काहीतरी आहे. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आहे, त्यातला तिसरा परिच्छेद. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे. १९५६ साली शीख घेतले, १९९० साली बौद्ध घेतले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची अट काढा म्हणून अहवाल दिला. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईच्या खटल्यात म्हटलं की ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि नोकरीसाठी हिंदू म्हणवायचं ही संविधानाची फसवणूक. २०२५ साली आंध्रच्या उच्च न्यायालयाने सांगितलं की ख्रिस्ती झालेल्याला ॲट्रॉसिटीचा कायदा लागू नाही. म्हणजे शिवी देणारा माझी जात बघून देणार, आणि कोर्ट माझा धर्म बघून शिवी मोजणार नाही.

तर तहसीलात ख्रिस्ती लपवायचा. चर्चमध्ये मांग लपवायचा. कंपनीत पाळीवर दोन्ही लपवायचं. मग मी अख्खा कुठं आहे? त्या रात्री वरातीत होतो. गळ्यात क्रूस, कानात हलगी, ओठावर भीमगीत. तीन तास कुणापासून काही लपवलं नाही. त्याचीच माफी मागायला सांगताय.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. श्रीरामपूर तालुक्यात हरेगाव आहे. सप्टेंबरात तिथं मतमाउलीची यात्रा भरते. ते कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट, पण माझी आत्या दरसाल मेणबत्ती लावून येते. त्याच हरेगावात शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. त्यानंतरच्या रविवारी मी वाट बघत होतो. आपल्या जिल्ह्यातली गोष्ट, लाकडावर टांगलेल्याची भक्ती करणारी माणसं आपण, आज तरी काही बोलतील. उपदेश झाला मोबाईलच्या व्यसनावर. रील बघू नका. प्रार्थनेतसुद्धा त्या पोरांचं नाव नाही. आणि मी ड्रमवर बसून हिशेब करत होतो की उद्या मला तसं टांगलं तर पोलीस दाखला बघतील की गळ्यातला क्रूस?

सिनेमा बघू नको म्हणता. नागराज मंजुळेंचा फँड्री मी होस्टेलात चादरीखाली बघितला, चार इंची स्क्रीनवर. त्यात जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे गावात हलगी वाजवताना दिग्दर्शकाला सापडलेला. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चादरीखाली मला पहिल्यांदा कळलं की आपल्या हातातली गोष्ट लाजेची नसते. रविवारच्या शाळेत अकरा वर्षं गेलो, हे कुणी सांगितलं नव्हतं. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती २५ डिसेंबर १९२७ ला, ऐन नाताळात, हेही नाही. १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त ही दोन नावं आदराने घेतली आणि तुमचा समाज सामाजिक अन्यायाशी लढत नाही हेही तोंडावर सुनावलं, हेही नाही. मग भीमगीत परधर्माचं कसं हो? त्यातलं कुठलं वाक्य येशूला टोचतं ते एकदा दाखवा.

मी चर्च सोडणार नाही. काही मित्र म्हणतात, सोड की, दीक्षाभूमीला चल. त्यांचा मला राग नाही. पण रात्रपाळीहून येताना अंधारात मी ज्याचं नाव घेतो तो येशूच आहे, आणि तो काही कमिटीच्या मालकीचा नाही. विश्वास माझा आहे. तसा पणजाही माझाच आहे.

पाळकसाहेब, हा अंक तुमच्या टेबलावर मीच आणून ठेवणार आहे. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ताट आईपुढं थांबलं पाहिजे. तिने काही केलेलं नाही. माझ्यावर काय करायचं ते करा, ड्रमवरून उठवा, नाव काढा. उभा राहा म्हणालात तर राहीन. पण माफी मागणार नाही, दीडशेवं स्तोत्र वाचीन, मोठ्यांदा, डफासकट. हलगी मामाच्या गावाहून मागवली आहे. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं, उपासनेच्या आधी अर्धा तास पटांगणात शेकावी लागेल. धूर होईल थोडा.