यंत्र तरले, व्यवस्था रुतली

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ज्याला आपण नाला म्हणून नाक मुरडत होतो ती वस्तुतः मिठी नदी आहे, याचा साक्षात्कार मुंबईकरांना झाला. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या, जेमतेम अठरा किलोमीटर लांबीच्या या नदीचा श्वास भराव, अतिक्रमणे आणि गाळ यांनी कोंडला होता. प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, नदीसाठी प्राधिकरण स्थापन झाले आणि गाळ उपसणे हा पावसाळ्यापूर्वीचा वार्षिक सोपस्कार ठरला.

मिठीचा गाळ उपसणे सोपे नाही. खाडीलगत भरती-ओहोटीचे पाणी, काठाला कांदळवन आणि तळाशी पाय गिळणारा चिखल. साधे पोकलेन काठावरून हात पोहोचेल तेवढेच उपसते. पात्रात उतरले तर स्वतःच रुतून बसते. यावर अभियंत्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे उभयचर पोकलेन. त्याच्या दोन्ही बाजूंना लांब, हवाबंद पोलादी पेट्या असतात आणि त्यांच्याभोवती साखळपट्टे फिरतात. वजन विस्तृत पृष्ठभागावर विभागले गेल्याने यंत्र चिखलात धसत नाही. पाणी वाढले की त्याच पेट्यांवर तरंगते. माणसाच्या बुद्धीने चिखलावर मिळविलेला हा विजयच म्हटला पाहिजे.

परंतु चिखल केवळ नदीतच असतो असे नाही. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीच्या गाळउपशातील सुमारे ६५ कोटी रुपयांच्या कथित गैरव्यवहाराबद्दल गुन्हा नोंदविला. महापालिकेचे अधिकारी, कंत्राटदार आणि मध्यस्थ यांच्यावर आरोप आहेत, आणि त्यांच्या केंद्रस्थानी गाळ उपसण्यासाठी भाड्याने घेतलेली अशीच यंत्रे आहेत. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. मात्र नदीतून किती गाळ निघाला आणि तो कोठे गेला, असे साधे प्रश्न पोलीस ठाण्यापर्यंत जावेत, यातच व्यवस्थेचे अपयश उघड होते.

आपल्या गावगाड्यात हा प्रश्न उद्भवत नसे. उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी तेथील गाळ बैलगाडीने स्वतःच्या शेतात नेऊन टाकी. गाळ त्याच्या पिकाचे अन्न होता. त्यामुळे मोजदादीसाठी निरीक्षक लागत नसे. शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना याच शहाणपणावर उभी आहे. मिठीत मात्र आपण सांडपाणी, प्लास्टिक आणि कारखान्यांची घाण सोडली. तिचा गाळ कोणालाच नको आहे. आणि जे कोणालाच नको असते, त्याचा हिशेबही कोणी मागत नाही.

तो हिशेब आता समाजानेच मागितला पाहिजे. उपशापूर्वी आणि उपशानंतर पात्राची खोली मोजून ते आकडे प्रभागात जाहीर फलकावर लावावेत. वजनकाट्याच्या पावत्या नागरिकांना पाहता याव्यात. जेथे यंत्र काठावरून काम करू शकते, तेथे ते कांदळवनात घालू नये. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या सेवेचा जमाखर्च परक्यावर सोपवून निश्चिंत होणे, हे मातृभक्तीचे लक्षण नव्हे. यंत्र भाड्याने आणता येते. दक्षता भाड्याने मिळत नाही.