लाव्हीच्या खाद्यात एन्झाइम टाकण्याआधी



परवा जाफराबादकडच्या एका पोराचा फोन आला. "काका, लाव्हीला एन्झाइमची पुडी आणू का? टरफलं, कोंडा सगळं पचतं म्हणतात." मी म्हटलं, अगोदर खाद्यात काय टाकतोस ते सांग. तर मका आन् सोयाबीन पेंड. मग कशाला आणतोस बाबा?

हीच चूक मी केली. विक्रेता म्हणाला टाका, मी दोन बॅचला टाकलं. पाचव्या आठवड्यात तराजूवर फरक दिसंना. पैसे गेले. पण दोष पुडीचा नव्हता. मका-सोयाच्या चांगल्या खाद्यात तिला काम थोडंच असतं.

लाव्हीच्या अंगात सेल्युलोज फोडणारं एन्झाइम तयारच होत नाही. आतड्याच्या शेवटी दोन पिशव्या असतात, तिथले जिवाणू थोडाफार तंतू आंबवतात, बस. पुडीतलं झायलनेज, सेल्युलेज दाण्याच्या पेशींच्या भिंती फोडतं, आत अडकलेलं पिष्ट आन् प्रथिन मोकळं होतं. फायदा तिथं आहे. सूर्यफुलाचं कडक टरफल मात्र पुडी टाकली तरी टरफलच राहतं. "सगळं पचतं" म्हणणाऱ्याला हे विचारा.

माझं मत असं, की एन्झाइम महाग खाद्यासाठी नाही, स्वस्तासाठी घ्या. आपल्या जालन्यात डाळमिला आहेत, बदनापूरची तूर आहे, तुरीची चुनी सहज मिळते. पण तुरीच्या पेशीभिंतीत पेक्टिन असतं, नुसतं झायलनेज तिथं उपयोगाचं नाही. पेक्टिनेज असलेलं मिश्रण बघून घ्या. आन् चुनी पिल्लांना नको. पहिले तीन आठवडे प्रथिन भरपूर लागतं, तिथं कंजुषी केली की पिल्लं खुरटतात. त्यानंतर थोडी थोडी वाढवा. पातळ शिट दिसली की थांबा.

मिसळताना माझ्यासारखं फावड्यानं ढिगावर भुरभुरू नका. पुडी आधी किलोभर भरड्यात मिसळा, मग तो भरडा पोत्यात. नाहीतर एका पक्ष्याला सगळं, दुसऱ्याला काहीच नाही. गोळी खाद्य बनवून घेत असाल तर यंत्राच्या वाफेनं साधं एन्झाइम मरतं, उष्णता सोसणारं आहे का ते विचारा.

आता मी निम्म्या पिंजऱ्यांना चुनी आन् एन्झाइम, निम्म्यांना नुसती चुनी असं लावलंय. खाद्य रोज मोजतोय, वजन दर रविवारी. बॅच निघाली की दोन्हीकडचा किलोमागं खाद्याचा खर्च इथंच टाकतो, तोटा झाला तरी.