केसपेपरवरील कोरा रकाना

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. जीवितहानी झाली नाही. परंतु आपल्या वस्तीखाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी आहे हे ज्यांना केवळ ऐकून ठाऊक होते, त्यांना ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसले. आसपासची कुटुंबे हलवण्यात आली. अशा वेळी पंचनामा होतो. पंचनाम्यात भिंती लिहिल्या जातात, छपराचे पत्रे लिहिले जातात, भांडीकुंडी लिहिली जातात. त्यानंतर ज्याला मध्यरात्री पायाखालची जमीन सरकल्याचा भास होऊन दचकून जाग येते, त्याच्या मोडलेल्या झोपेसाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

असा रकाना दुसऱ्या एका कागदावर असतो. तो कागद म्हणजे सरकारी दवाखान्यातला केसपेपर. त्यावर रुग्णाच्या विकाराचे नाव आणि वर्ग लिहिला जातो, आणि त्या वर्गानुसार त्याला गोळी मिळते, रजा मिळते, दाखला मिळतो किंवा यांपैकी काहीच मिळत नाही. मनोविकारांचे वर्गीकरण हा तज्ज्ञांचा प्रांत, त्यात कार्यकर्त्याचे काय काम, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

परिचारिकेच्या शिक्षणात मनोविकार परिचर्या हा स्वतंत्र विषय आहे आणि वर्गीकरण हा त्यातील आरंभीचा पाठ. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ साली आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणाची सहावी आवृत्ती काढली, तेव्हा मनोविकारांना तीत प्रथमच स्वतंत्र विभाग मिळाला. १९९० साली मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत या विभागाला ‘एफ’ हे अक्षर देण्यात आले. मेंदूच्या रोगाने वा इजेने होणारे विकार आधी, मग दारू व इतर मादक द्रव्यांचे, मग स्किझोफ्रेनिया, मग नैराश्य आणि उन्माद, मग चिंतेचे व ताणाचे विकार, आणि असेच पुढे बालपणीच्या विकारांपर्यंत. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. पण पाठ्यपुस्तकांतून दहावीची मांडणी अद्याप घट्ट रुजलेली आहे. आपल्याकडील वाहिया, नेकी, विग यांसारख्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या सुमारास व त्यानंतर भारतीय परिस्थितीला जुळणारे फेरफार सुचवले होते. परिचर्येच्या पुस्तकांत त्यांना एक-दोन ओळी मिळतात. परीक्षेत तेवढ्या पुरतात.

या साऱ्या व्यवहारावर तोंडसुख घेणे सोपे आहे. माणसाच्या दुःखाला क्रमांक देणारी ही नोकरशाही, असे म्हटले की आपल्या सभेत टाळी पडते. समाजव्यवस्था बदलली की वेड आपोआप नाहीसे होईल, असे मानणारे साथीही मला भेटले आहेत. त्यांनी एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एक कामगार पाय मोडून वॉर्डात भरती झाला आहे. वर्षानुवर्षे रोज दारू पिणारा माणूस. भरतीमुळे दारू एकाएकी तुटली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, त्याला भिंतीवर किडे दिसतात, दिवस-रात्रीचे भान राहत नाही, तो पलंगावरून उठून पळू लागतो. वॉर्डातील माणसे म्हणतात, वेडा झाला, बांधून ठेवा. कोणी म्हणते, नाटक करतो आहे. ज्या परिचारिकेने वर्गीकरणाचा पाठ समजून घेतला आहे तिला मात्र कळते की हा ‘एफ १०.४’ आहे, दारू तुटल्याने आलेला भ्रम आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर हा माणूस दगावू शकतो. ती नाडी, ताप, रक्तदाब पाहते, डॉक्टरांना तातडीने बोलावते, खोलीत मंद दिवा ठेवते आणि त्याच्याशी शांतपणे बोलत राहते. येथे क्रमांक म्हणजे प्राण आहे. (चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्ही वेळी नीती आणि महसूल यांवर बोलणारे पुष्कळ होते. दारू तुटलेल्या माणसासाठी किती खाटा व किती शिकलेल्या परिचारिका लागतील यावर बोलणारे थोडे.)

शिवाय, आपण वर्गीकरण नाकारले म्हणून वर्गीकरण थांबत नाही. त्याची जागा दुसरे वर्गीकरण घेते. याच जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द येथे, ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून दलित स्त्रीपुरुषांना, त्यांत म्हातारी माणसे होती, भर चौकात खांबांना बांधून मारहाण करण्यात आली. करणी, भानामती, बाहेरची बाधा हीदेखील एक वर्गवारीच आहे. तिच्यात आजाराला नाव मिळते, कारण मिळते आणि ते कारण नेहमी गावकुसाजवळच्या कोणत्या तरी दुबळ्या घरात सापडते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण या बाबतीत आपल्या मांत्रिकांपेक्षाच नव्हे, तर कित्येक सुशिक्षितांपेक्षाही सावध आहे. अंगात येण्याला ते सरसकट रोग म्हणत नाही. धार्मिक अथवा रूढ प्रसंगाबाहेर, माणसाच्या इच्छेविरुद्ध जे येते तेवढेच विकारात धरते.

तेव्हा वर्गीकरण असावे. प्रश्न आहे तो ते कोणी, कोणाविषयी आणि कोणाच्या सोयीने करावयाचे हा. या प्रश्नाचा इतिहास फारसा गौरवास्पद नाही. अमेरिकेतील सॅम्युअल कार्टराइट नावाच्या वैद्याने १८५१ साली मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांसाठी एक खास मनोविकार शोधून काढला आणि मन लावून न राबणाऱ्यांसाठी दुसरा. त्याच देशात १८६९ साली जॉर्ज बिअर्ड याने मज्जातंतूंच्या थकव्याचा रोग प्रसिद्धीस आणला. हा रोग मुख्यतः बुद्धीची कामे करणाऱ्या सुसंस्कृत वर्गाचा, असे त्याचे मत. बाबू थकला तर रोग, हमाल थकला तर आळस! हा थकव्याचा रोग दहाव्या आवृत्तीपर्यंत टिकला आणि अकरावीतून गळाला. समलिंगी आकर्षणाला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली रोगांच्या यादीतून वगळले. आंतरराष्ट्रीय यादीतून ते निघावयास १९९० उजाडले.

हे सारे भांडवलदारी जगाचे पाप म्हणून आपण हात झटकू शकत नाही. सोव्हिएत रशियात स्नेझ्नेव्स्की यांच्या संप्रदायाने ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’ असा एक वर्ग रूढ केला. त्याची लक्षणे इतकी सैल होती की शासनावर टीका करणाऱ्या, सुधारणेचा ध्यास घेतलेल्या माणसालाही ती लागू पडत. अशी कित्येक माणसे इस्पितळात डांबली गेली. जगभरातून निषेध झाला, तेव्हा १९८३ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांची संघटना हकालपट्टीची वेळ येण्याआधीच जागतिक संघटनेतून बाहेर पडली. आपल्या चळवळीत त्या काळी याविषयी जेवढे बोलले जावयास हवे होते तेवढे बोलले गेले नाही, हे मान्य केले पाहिजे.

या अनुभवांचा अर्क आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात उतरला आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे तिसरे कलम प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावे. मनोविकार ठरवताना मान्यताप्राप्त वैद्यकीय मानदंड, त्यांत आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची चालू आवृत्तीही आली, वापरले पाहिजेत, असे ते सांगते. राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थान, जात-जमात, धर्म यांवरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा कामाविषयीच्या मूल्यांशी एखाद्याचे जमत नाही, यावरूनही नाही. ‘कामाविषयीची मूल्ये’ हे शब्द कायद्यात आहेत. जो कामगार सलग दुसरी पाळी करण्यास नकार देतो, जो मुकादमाशी वाद घालतो, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असे म्हणण्याची वाट या दोन शब्दांनी बंद केली आहे, निदान कागदावर.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे वळू. दहाव्या आवृत्तीत मनोविकारांचा ‘एफ’ विभाग आहे, तसाच अगदी शेवटी ‘झेड’ हा एक विभाग आहे. रोग नव्हेत, परंतु आरोग्यावर परिणाम करणाऱ्या परिस्थिती त्यात नोंदवलेल्या आहेत. झेड ५६.२, नोकरी जाण्याची धास्ती. झेड ५६.३, ताण आणणाऱ्या कामाच्या वेळा. झेड ५७.२, कामाच्या जागी धुळीचा संपर्क. झेड ५८.०, आवाजाचा उपद्रव. झेड ५९.१, राहण्यास अयोग्य घर. झेड ५९.५, पराकोटीचे दारिद्र्य. ज्याने ही यादी केली तो घुग्घुसला येऊन गेला होता की काय, असे वाटावे! कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना, दिवसरात्र धावणारे ट्रक, आणि तीन पाळ्यांत विभागलेली झोप, हे सारे या अंकांत बसते. अकराव्या आवृत्तीतही अशा परिस्थितींसाठी स्वतंत्र प्रकरण राखलेले आहे.

म्हणजे दोष सर्वस्वी वर्गीकरणाचा नाही. त्याची पहिली पाने वापरली जातात, शेवटची उघडली जात नाहीत. पाळी बदलत राहिल्याने, ठेकेदाराने पुढच्या महिन्याची हजेरी लागेल की नाही हे न सांगितल्याने ज्याची झोप गेली, छाती धडधडू लागली, त्या माणसाच्या कागदावर ‘चिंताविकार’ एवढेच लिहिले जाते. ते खोटे नाही. परंतु त्यामुळे सारा दोष त्याच्या डोक्यात राहतो आणि ठेकेदार केसपेपरच्या बाहेर उभा राहतो. असे शंभर कागद एकत्र केले तर शंभर चिंतातुर माणसे दिसतील. शंभर जणांच्या मागे उभी असलेली एकच हजेरीवही दिसणार नाही.

ती कोणाला दिसू शकेल? माझे उत्तर आहे: परिचारिकेला. डॉक्टरपुढे रांग असते; एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. भरती झालेल्या रुग्णाबरोबर आठ-आठ तास असते ती परिचारिका. तो रात्री केव्हा उठतो, भेटीला कोण येते, कोण आले की तो गप्प होतो, घरच्या कर्जाचा विषय निघाला की त्याचा हात कसा थरथरतो, हे तिला ठाऊक असते. हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकी परिचारिकेने १९५२ सालीच मांडले होते की परिचारिका व रुग्ण यांचे नाते हेच उपचाराचे साधन आहे. १९७३ साली सेंट लुईस येथे परिचारिकांनी परिषद घेऊन स्वतःच्या निदानांची वर्गवारी करण्यास सुरुवात केली. डॉक्टर ‘नैराश्य’ लिहितो, तेथे परिचारिका लिहिते: झोप मोडलेली, आत्मघाताचा धोका, स्वतःविषयी हीनभाव, कुटुंबाची सहनशक्ती संपत आलेली. आणि पुढे, अमुक कारणाशी निगडित, असे लिहिण्याची तीत पद्धतच आहे. हे ‘निगडित’ फार मोलाचे आहे. तेथे ‘राहते घर खचल्याशी निगडित’ असे लिहिता येते.

परंतु लिहिते कोण? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. जिल्हा पथकात मनोविकार परिचारिका आणि सामुदायिक परिचारिका ही पदे धरलेली आहेत. पण आरोग्य अभियानाखाली काम करणाऱ्या परिचारिकांपैकी अनेक स्वतःच कंत्राटी. जिची नेमणूक अकरा महिन्यांची, तिने दुसऱ्याच्या कागदावर ‘नोकरीची धास्ती’ लिहावयाची! विदर्भासाठी मनोरुग्णालय आहे ते नागपूरला, १८६४ पासूनचे. घुग्घुसहून तेथे एक खेप म्हणजे रुग्णाचा आणि सोबतच्याचा एक-दोन दिवसांचा खाडा. भाषेचा प्रश्न वेगळाच. येथील वस्त्यांत तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी घरे आहेत, पूर्वेला जंगलाकडे गोंडी. आपले दुःख माणूस मातृभाषेत सांगतो आणि वर्गीकरणाची उत्तरपत्रिका इंग्रजीत असते. ‘मन लागत नाही’, ‘डोके गरम होते’, ‘जीव घाबरा होतो’ यांचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात, हे केवळ त्या भाषेत वाढलेल्या परिचारिकेला कळते.

या रकान्याला पैशाचीही बाजू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार हा एकवीस प्रकारांपैकी एक आहे, आणि नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला काढता येत नाही. खाणीतील कायम कामगाराला, दाखला असेल तर, हे संरक्षण मिळू शकते. त्याच खाणीतील कंत्राटी कामगाराला ते सहजी लाभत नाही. त्याची नोकरी काढावी लागत नाही, ती फक्त पुढे चालू केली जात नाही. व्यावसायिक रोगांची जी यादी १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून चालत येऊन सामाजिक सुरक्षा संहितेत उतरली, तीत धुळीने होणारे फुफ्फुसाचे रोग आहेत. मनोविकार असे शीर्षक नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र २०१० साली आपल्या यादीत मानसिक व वर्तनविषयक विकारांचा समावेश केला आहे. आपल्याकडे ही मागणी पुढे आली की पुरावा मागितला जाईल. पुरावा म्हणजे तेच केसपेपर, ज्यांवर ‘झेड’चा रकाना कोणी भरला नाही.

तेव्हा परिसरातील कामगार संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात दोन गोष्टी घालाव्यात. खाणीच्या व कारखान्याच्या दवाखान्यांत, तसेच सरकारी रुग्णालयात, मनोविकाराच्या प्रत्येक नोंदीबरोबर कामाच्या आणि घराच्या परिस्थितीची नोंद सक्तीची व्हावी. रुग्णाचे नाव गुप्त राखून तिचा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. आणि ती नोंद करणारी परिचारिका कायम नेमणुकीवर, या विषयाचे शिक्षण घेतलेली असावी. नाव गुप्त राहणे येथे अत्यावश्यक आहे. नाही तर हाच आकडा उद्या व्यवस्थापनाच्या हाती छाटणीची यादी म्हणून पडेल. तिसरी मागणी कायद्यातच दुरुस्ती मागणारी आहे. २०१७ च्या कायद्याने राज्य प्राधिकरणावर एका मानसिक आरोग्य परिचारिकेला जागा दिली. रुग्णाच्या तक्रारी जेथे प्रत्यक्ष ऐकल्या जातात त्या जिल्ह्याच्या पुनर्विलोकन मंडळावर न्यायाधीश आहे, जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधी आहे, मनोविकारतज्ज्ञ आणि डॉक्टर आहे, रुग्ण, त्यांची काळजी घेणारे वा त्यांच्या संस्था यांचे दोन सदस्य आहेत. परिचारिकेची खुर्ची तेथे नाही.