पाच आयपी घेतले, पण बाहेर कोणता जातोय?



कात्रजच्या आमच्या छोट्या ऑफिसात मी पैसे देऊन एक डोकेदुखी विकत घेतली होती, तिची ही गोष्ट. इंटरनेट लाइनबरोबर स्टॅटिक आयपींचा ब्लॉक घेतला. त्यात पत्ते आठ येतात; नेटवर्क, ब्रॉडकास्ट आणि गेटवेचा एकेक वजा केला की हातात उरतात पाच. दुसरा पत्ता मेल सर्व्हरला दिला. राउटरवाला म्हणाला, "सर, झालं." बाहेरून सर्व्हर उघडत होता, मीही खूश.

थोड्याच दिवसांत आमची कोटेशनं बाउन्स व्हायला लागली. शोधल्यावर कळलं, मेल सर्व्हर, अकाउंटचे पीसी, ट्रेनिंगला आलेल्यांचे लॅपटॉप, सगळे पहिल्याच पत्त्यावरून बाहेर पडत होते. कुणाच्या तरी लॅपटॉपमधल्या व्हायरसनं स्पॅम पाठवला आणि तो पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये गेला. दुसरा पत्ता नुसता भाडं खात बसला होता.

असं का होतं? पोर्ट फॉरवर्डिंग फक्त बाहेरून आत येणाऱ्यांसाठी असतं. आतून बाहेर जाताना राउटर सहसा 'मास्करेड' करतो, म्हणजे सगळ्यांना लाइनचा मुख्य पत्ता चिकटवतो. एका इमारतीत पाच दुकानं, पण कुरिअरवाला प्रत्येक पाकिटावर पहिल्याच दुकानाचा पत्ता लिहितो, तसं.

उपाय अवघड नाही. राउटरमध्ये सोर्स नॅटचा नियम लिहायचा: आतलं हे मशीन बाहेर जाताना हाच पत्ता लावेल. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून हा मास्करेडच्या वर हवा. आमचा आधी खाली होता, अर्धा दिवस त्यात गेला! आधीपासून चालू असलेली कनेक्शनं जुन्याच पत्त्यावर राहतात, तीही तोडायची. मग त्याच मशीनवरून 'माझा आयपी काय' बघायचं. मेलसाठी एसपीएफ आणि रिव्हर्स डीएनएससुद्धा त्याच पत्त्याचं पाहिजे.

"हे नेटवर्कवाला बघेल" असं म्हणू नका. माझ्या मते हा मालकाचा विषय आहे, कारण आता पत्ता म्हणजेच परवानगी. ई-वे बिलाचं एपीआय थेट घ्यायचं तर स्टॅटिक आयपी नोंदवावा लागतो. ४ फेब्रुवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकानं रिटेल अल्गो ट्रेडिंगच्या एपीआयलाही तीच अट घातली. तुम्ही किती आयपी घेतलेत, हे समोरचा बघत नाही. विनंती कुठून आली तेवढं बघतो. चुकीच्या पत्त्यावरून गेली की दार बंद, आणि गाडी माल भरून उभी.

बॅकअप लाइनचं तर कुणी सांगतच नाही. पहिल्या कंपनीचा पत्ता दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून चालत नाही. त्यामुळे बॅकअपचा पत्ताही आधीच नोंदवून ठेवा, लाइन गेल्यावर धावपळ नको.

आणि खरं सांगू? मेल क्लाउडवर असेल आणि एपीआय एकच असेल, तर एक स्टॅटिक आयपी पुरतो. पाच घेण्याची हौस माझी होती.

आता पाहुण्यांचं वाय-फाय आमच्याकडे तिसऱ्या पत्त्यावरून जातं. कोणतं मशीन कुठल्या पत्त्यावरून बाहेर पडतं, तो कागद राउटरशेजारी चिकटवलाय. अक्षर माझंच आहे, राउटरवाल्याचं नाही.