दुर्बिणीचा पहिला सराव रुग्णाच्या पोटात नको



सरकारी रुग्णालयात रोबोट येणार, या बातमीची नागपूरकरांना आता सवय झाली आहे. येवो, माझा विरोध नाही. पण एम. एस. करणारे निवासी डॉक्टर साधी दुर्बिणीची शस्त्रक्रिया कशावर शिकतात, हे कुणी विचारत नाही. मी पाहिलेली रीत अशी: पहिले वर्ष कॅमेरा धरण्यात जाते, पुढे वरिष्ठांची मर्जी आणि लिस्टमधला वेळ जुळला तर हातात ग्रास्पर (पकडण्याचे अवजार) येतो, आणि समोर थेट रुग्ण. तोही मोफत उपचारासाठी आलेला, प्रश्न न विचारणारा.

दुर्बिणीचे काम उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वेगळे हात मागते. मूठ डावीकडे नेली की आतले टोक उजवीकडे जाते, पडद्यावर खोली कळत नाही आणि बोटांचा स्पर्श जवळजवळ संपतो. ही सवय मेंदूला लागायला वेळ लागतो. तो वेळ रुग्णाच्या पोटात घालवला तर काय होते, याची नोंद 1991 सालीच झाली आहे. अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लबने पित्ताशयाच्या 1,518 शस्त्रक्रिया तपासल्या. सर्जनांच्या प्रत्येक गटाच्या पहिल्या 13 रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण 2.2 टक्के होते, नंतरच्या रुग्णांत 0.1 टक्का. पित्तनलिका कापली गेली की पुन्हा मोठे ऑपरेशन आणि कधी कधी जन्मभराचे दुखणे.

मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये भारतात प्रथम दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हा शिकवायला कुणी नव्हते. आज ती सबब चालणार नाही. 2002 मध्ये येल विद्यापीठात 16 निवासी डॉक्टरांवर अभ्यास झाला. आधी सिम्युलेटरवर तयार झालेल्यांनी पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचे काम 29 टक्के कमी वेळात केले आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी झाल्या. एफएलएस ही कौशल्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सर्जरीच्या बोर्डाची परीक्षा देता येणार नाही, हा नियम अमेरिकेत होऊन दीड दशक उलटले. आपल्याकडे मात्र लॉगबुकात किती केसेस ‘असिस्ट’ केल्या ते लिहायचे. हात किती तयार झाला, याचा रकाना कुठे आहे?

यावर ठरलेले उत्तर येते: मुलांना वेळ नाही, पैसा नाही. पैशाचे म्हणाल तर सरावाचा बॉक्स ट्रेनर म्हणजे एक पेटी, वेबकॅम आणि जुनी अवजारे. काही हजारांत काम भागते. आत द्राक्ष ठेवा, नाहीतर आपल्या संत्र्याची फोड, आणि आतला गर न फोडता साल सोलायला सांगा. वेळेची तक्रार मात्र खरी आहे. म्हणूनच पेटी स्किल लॅबच्या कुलपात न ठेवता वॉर्डाशेजारच्या ड्यूटी रूममध्ये हवी, रात्री दोन केसेसच्या मध्ये हात घालता येईल अशी. पाच वाजता कुलूप लागणारी स्किल लॅब निवासी डॉक्टरच्या काय कामाची?

विदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. इथे सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना कमी वयातच पित्ताचे खडे होतात. गडचिरोली-गोंदियाचा असा तरुण आठवडाभराची मजुरी बुडवू शकत नाही. लहान छेदाची गरज त्यालाच सर्वांत जास्त. त्याच्या गावाजवळ हे ऑपरेशन व्हायचे, तर उद्या तिथे जाणारा सर्जन आजच नागपुरात तयार व्हायला हवा.

जाता जाता एक उलटी बाजूही सांगतो. दुर्बिणीच्या हौसेत उघडे पित्ताशय काढण्याचा हात सुटत चालला आहे. अडचण आल्यावर पोट उघडायला घाबरणारा सर्जन रोबोट असूनही धोकादायकच. शिक्षणात दोन्ही हवे.

माझी मागणी छोटी आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पहिल्या वर्षाअखेरीस बॉक्स ट्रेनरवरची वेळ लावून घेतलेली परीक्षा सक्तीची करावी. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय रुग्णावर दुर्बिणीचे अवजार हाती देऊ नये. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिष्ठातांनी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट न पाहता येत्या सत्रापासूनच ती सुरू करावी, ही विनंती.

– एक निवृत्त शल्यचिकित्सक, धंतोली, नागपूर