हौसेला जागा लागते

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. पण हौसेला जागा लागते, हे कोणी सांगत नाही. मोल एकदाच द्यावे लागते, जागा मात्र रोज. दुर्मिळ रोप घेणाऱ्याला लोक हसतात ते किमतीवरून. माझ्या मते हसायचेच असेल तर जागेवरून हसावे.

किमतीची गोष्ट अजब आहे खरी. जून २०२१ मध्ये न्यूझीलंडमधील एका लिलावात पांढऱ्या छटेच्या पानांचे एक रोप तेथील २७,१०० डॉलरांना गेले. पाने बोटांवर मोजावीत इतकीच! आणि त्या पांढऱ्या रंगाचे रहस्य काय? तर तेवढ्या भागात हरितद्रव्यच नसते. हिरवा भाग राबतो आणि पांढऱ्याचेही पोट भरतो. म्हणून असे रोप सावकाश वाढते, बाजारात थोडे येते आणि महाग विकते. म्हणजे पैसे मोजायचे ते एका उणिवेचे!

मीही अकोल्याच्या एका नर्सरीतून पांढऱ्या शिंतोड्यांचे मॉन्स्टेरा असेच उभ्या उभ्या घेतले. “एवढ्या पैशात तूर आली असती नं बाप्पा!” आई म्हणाली. तरी मला पश्चात्ताप नाही. विचार करकरून घेतलेल्या वस्तूवर माणूस जीव लावतोच असे नाही.

खरा प्रश्न अमरावतीच्या खोलीवर उभा राहिला. हे झाड मूळचे मेक्सिकोकडच्या दमट रानातले. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. पश्चिमेच्या उन्हात पांढरा भाग आधी करपतो. कूलरच्या थेट झोतात पाने सुकतात. उरली पूर्वेची खिडकी. तेथे माझ्या सोबत्याचे टेबल होते. मी विचारले; त्याने काही न बोलता टेबल हातभर सरकवले. नळ येत नाही त्या दिवशी माठातला एक पेला रोपाला जातो, तोही दोघांच्या वाट्यातून. हौस एकाची आणि सरकायचे दुसऱ्याने, याचेच नाव जागा करणे. तेव्हा घेण्यापूर्वी एक वेळ खिसा चाचपू नये, पण सरकणाऱ्याला जरूर विचारावे.

वऱ्हाडाला परक्या झाडाचे वावडे कधीच नव्हते. घरोघरी बाटलीत वाढणारा मनीप्लँट पॅसिफिक महासागरातल्या बेटावरचा. वरुड-मोर्शीचा संत्राही विदर्भात बाहेरूनच आला, नागपूरकर भोसल्यांच्या काळात. लोकांनी त्याला विहिरीचे पाणी दिले, फळ धरेपर्यंतची वर्षे दिली, तेव्हा तो आपला झाला.

दुर्मिळपणाचे काय घेऊन बसलात! ऊतिसंवर्धनाने अशी रोपे प्रयोगशाळेत हजारांनी तयार होतात. आजचे महाग उद्या स्वस्त होईल. रोप चारचौघांसारखे झाल्यावरही ज्याच्या खिडकीतली त्याची जागा हलणार नाही, त्यानेच ते खऱ्या अर्थाने घेतले, असे मी म्हणेन.