कपलर सुटा मिळेल का?

परवा ऑफिसच्या ग्रुपवर एकाने बातमी टाकली. गाड्यांमधल्या इलेक्ट्रिकल कनेक्टर्सची जागतिक बाजारपेठ म्हणे येत्या काही वर्षांत धो धो वाढणार आहे. खाली लगेच अंगठे, रॉकेट, आणि "कुठला शेअर उचलू रे?" मी तेव्हा जुन्या पनवेलात एका गॅरेजबाहेर स्टुलावर बसलो होतो. हातात होता एक सडलेला कनेक्टर. म्हटलं, या विकेंडला लिहायचं तर यावरच.

झालं असं. भर पावसात पळस्पे फाट्याजवळ माझी आठ वर्षांची गाडी अचानक लंगडायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी बैलगाडीच्या वर जाईना. मागून ट्रेलरवाले हॉर्न मारून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "सर, वायरिंगमध्ये पाणी गेलंय. पुढचा हार्नेस बदलावा लागेल. अडतीस हजार."

"अहो, बिघाड नेमका कुठे आहे?"

"थ्रॉटलच्या कनेक्टरला."

"मग तेवढाच बदला ना!"

"सर, तो सेपरेट येत नाही."

गाडी उचलून वायरिंगवाल्या दादांकडे आणली. त्यांनी दोन मिनिटांत कनेक्टर (त्यांच्या भाषेत कपलर) काढून दाखवला. रबरी सील चिरलेलं, आतल्या पिना हिरव्यागार. म्हणाले, "साहेब, नवा कपलर दुकानात मिळत नाही. कुर्ल्याच्या भंगारात अशी गाडी तुटायला आली की तिचा कापून आणतो." चार दिवसांनी आणला, वीतभर वायरींसकट. जोडला. सातशे रुपये. गाडी पळतेय.

आता कोणी म्हणेल, स्वस्तात सुटलास, कटकट कसली करतोस? कटकट अशी की माझ्या गाडीचा जीव आज कुठल्या तरी अपघातात गेलेल्या गाडीच्या जुन्या प्लास्टिकवर अवलंबून आहे.

बाजार वाढतोय हे खरंच आहे, आणि त्याची कारणंही चांगली आहेत. १२५ सीसीवरच्या सगळ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं. मग एअरबॅगा वाढल्या, इलेक्ट्रिक गाड्या आल्या. प्रत्येक नव्या सेन्सरमागे एक कपलर आलाच. त्यातला सेन्सर बहुधा पाच व्होल्टवर बोलतो. पिनेवर जरा गंज चढला की रोध वाढतो, आकडा चुकतो, आणि गाडीचा कॉम्प्युटर घाबरून इंजिनाचा गळा आवळतो. आमच्याकडे तर खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस. कपलर जाणारच. जी वस्तू जाणार हे ठाऊक आहे, ती सुटी विकायची नाही, हा कुठला न्याय?

बरं, ती दुर्मिळ आहे असंही नाही. शिरवळला टीई कनेक्टिव्हिटीचा कारखाना आहे. हार्नेस करणारी जपानची याझाकी टाटांबरोबर भागीदारी करून पुण्यात आली. न्हावा शेव्याला उतरलेला माल आमच्या कळंबोलीवरून घाट चढून जातो. म्हणजे वस्तू माझ्या घरावरून जाते, पण मला मिळते ती कुर्ल्याच्या भंगारात!

कंपन्यांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. सुरक्षेचा प्रश्न आहे, कोणीही वायर कापून जोडू नये. एकदम मान्य. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलला ऐऱ्यागैऱ्याने हात लावू नये. पण म्हणूनच तर कंपनीचा नवा, सीलबंद, वायरीसकट कपलर मिळायला हवा! अमेरिकेत फोर्ड आणि जनरल मोटर्स असे तयार तुकडे विकतात, त्यांना 'पिगटेल' म्हणतात. तिथे सुरक्षा धोक्यात येत नाही, मग पनवेलातच कशी येते? उलट सुटा भाग नाकारल्यामुळेच लोक वायर पिळून वर टेप गुंडाळतात. आग लागायची तर तिथे लागेल.

आपल्याकडे कोणी काही केलंच नाही असंही नाही. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. कारण हेच, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना न देणं. पुढे अपिलं झाली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारगाड्याही होत्या. त्याच डिसेंबरात पोर्टल निघालं. छान. पण पोर्टलवर माझा कपलर मिळत नाही.

एक आशेची गोष्ट सांगतो. एथरने आपल्या स्कूटरचा चार्जिंग कनेक्टर २०२१ मध्ये इतर कंपन्यांना खुला केला आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्यावर आधारित मानक काढलं. कंपनी बुडाली नाही. आपण सॉफ्टवेअरवाले दिवसरात्र ओपन इंटरफेसचे गोडवे गातो. कपलर म्हणजे दुसरं काय आहे? तो गाडीचा इंटरफेसच आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कपलरला, पिनेला आणि सीलला स्वतंत्र पार्ट नंबर द्या, किमतीच्या यादीत छापा, आणि वायरिंगचा नकाशा विकत का होईना पण द्या. आणि मंडळी, तुम्ही पुढची गाडी घ्यायला जाल तेव्हा सनरूफच्या आधी एक प्रश्न विचारा, "कपलर सुटा मिळेल का?" सेल्समन बावचळेल. बावचळू दे. शंभर जणांनी विचारलं की तो वर विचारेल. आणि सुट्या भागाला नकार मिळाला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नुसती ग्रुपवर नको.

बाजार वाढो, शेअर वाढो, माझी हरकत नाही. पण त्या वाढीतला माझ्या वाट्याचा एक कपलर मला दुकानात, नवा आणि सुटा मिळायला हवा.

असो. पाऊस अजून संपलेला नाही, आणि दादांनी निघताना सांगितलंय, "साहेब, दुसराही कपलर चिरत आलाय. आत्ताच कुर्ल्याला सांगून ठेवू का?"